संगणकाची स्मृती दगा देते तेव्हा

समजा, पोलादपूरला तुमच्या घरी एक नवा संगणक जुळवला आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय, रॅमच्या दोन पट्ट्या असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले, स्क्रू आवळले, तारा जोडल्या. पडदा उजळला आणि सर्वांना आनंद झाला. पण अर्ध्या तासाने पडदा निळा झाला आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी एक छायाचित्र उघडले, तर त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत पट्ट्यांनी भरलेला. तिसऱ्या दिवशी नवा प्रोग्रॅम बसवताना काम मध्येच अडले. आता काय करावे? सगळे भाग खोक्यात भरून एस.टी.ने पुन्हा मुंबई गाठावी?

जरा थांबा. रोज वेगळी तक्रार, हाच तपासाचा पहिला धागा आहे. हार्ड डिस्कवरची एखादी जागा खराब असेल, तर बहुधा तीच फाइल पुन्हा पुन्हा अडते. रॅमचे तसे नाही. चित्र असो, गाणे असो की हिशेब, काम चालू असताना सर्वांना रॅममध्येच उतरावे लागते. तिथली एक खोली गळकी असेल, तर त्या वेळी तिच्यात जो उतरेल त्याचे सामान भिजणार! अर्थात हा झाला संशय, निकाल नव्हे. अतिउष्णतेने किंवा कमकुवत पॉवर सप्लायनेही अशीच लक्षणे दिसू शकतात.

रॅममध्ये माहिती राहते तरी कशी? प्रत्येक बिटासाठी तिथे एक सूक्ष्म धारित्र असते आणि त्याच्यावर पहारा करणारा एक ट्रान्झिस्टर. ही कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. धारित्र म्हणजे पाझरणारे मडके समजा. भरलेले असेल तर १, रिकामे असेल तर ०. मडके सतत पाझरते, म्हणून एक पाणक्या सारखा फेऱ्या मारतो. अर्ध्याहून अधिक पाणी दिसले की मडके काठोकाठ भरतो, कमी दिसले की ओतून टाकतो. डीडीआर-४ प्रकारच्या रॅममध्ये सर्वसाधारण तापमानाला ही फेरी ६४ मिलिसेकंदांत पुरी होते. एखादे मडके फारच गळके निघाले, तर पाणक्या येण्यापूर्वीच ते अर्ध्याखाली जाते आणि १ चा ० होतो. उष्णतेत गळती वाढते. म्हणूनच पहाटे सुरळीत चालणारा संगणक वैशाखातल्या दुपारी अडखळू शकतो.

आणि मडकी तरी किती? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे ८१,९२० बिटे. तुमच्या ८ गिगाबाइटच्या पट्टीत ६,८७१ कोटींहून अधिक बिटे असतात!

तुम्ही म्हणाल, इतक्या कोटींत एक चुकले तर काय बिघडले? पाहा. ८५ गुण संगणक ६४ + १६ + ४ + १ असे साठवतो. त्यातले ६४ चे एकच बिट पुसले गेले तर उरतात २१. उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्ण! आणि संगणक याबद्दल अवाक्षर काढत नाही. बेल्जियममधील स्खारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा दाखवली गेली. मिळणे शक्यच नाही इतकी मते दिसली, म्हणून चूक ध्यानात आली. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात, अर्थात नेमके एक बिट. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही, तेव्हा अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने ते बिट उलटवले असावे असा तर्क मांडला गेला. अशी चूक एकदाच होते. खराब पट्टीची चूक मात्र पुन्हा पुन्हा होते, आणि बहुधा त्याच पत्त्यावर. म्हणून चाचणी एकदा करून भागत नाही.

मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. विंडोज चालू ठेवून ही चाचणी नीट होत नाही, कारण विंडोज स्वतःच रॅममध्ये ठाण मांडून बसलेले असते, आणि त्याच्या बैठकीखालची जागा तपासणार कशी? मेमटेस्ट प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि फरक दिसला की त्या जागेचा पत्ता दाखवतो. त्याला रात्रभर चालू द्या. वीज मध्येच गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

चूक दिसली, तरी पट्टीलाच दोष देण्याची घाई नको. घरातला दिवा लागत नाही तेव्हा आपण काय करतो? तोच दिवा दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहतो. इथेही तेच. पट्ट्यांना अ आणि ब म्हणा, खाचांना १ आणि २. एका वेळी एकच पट्टी लावा आणि चारही जोड्या तपासा : अ-१, अ-२, ब-१, ब-२. चूक दोन्ही खाचांत अ बरोबरच गेली, तर अ खराब. दोन्ही पट्ट्या फक्त खाच २ मध्ये चुकल्या, तर दोष खाचेकडे किंवा प्रोसेसरच्या जोडणीकडे. चारही जोड्या चुकल्या, तर पॉवर सप्लाय किंवा रॅमचा वेग यांच्याकडे वळा. वेग वाढवणारी एक्सएमपी ही सेटिंग बंद करताच चुका थांबल्या, तर पट्टी बाद असेलच असे नाही. तो वेग त्या जोडीला झेपत नसेल. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक निकाल वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळणार नाही.

पट्टी काढण्यापूर्वी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जाईल. सोनेरी दातांना बोट लावू नका. पट्टी बसवताना बाजूची खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून लागली पाहिजे. कित्येकदा नीट न बसलेली पट्टी हाच सारा घोटाळा असतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. पट्टीच खराब ठरली, तर चाचणीच्या पडद्याचे छायाचित्र आणि वहीतला तक्ता दुकानदाराला दाखवा. मग सगळा संगणक नव्हे, ती एक पट्टी तेवढी मुंबईला जाईल.

आता वर्गात एक खेळ करून पाहा. फळ्यावर १ ते १६ क्रमांकांची घरे आखा. एका विद्यार्थ्याने ‘रॅम’ व्हावे आणि मनात एक दोष ठरवावा : सातव्या घरात ० लिहिला की सहाव्या घरातही ० होतो. बाकीच्यांनी क्रमाने आकडे सांगून लिहवून घ्यावेत, मग वाचायला सांगावे. सगळीकडे ० लिहा, दोष सापडणार नाही. सगळीकडे १ लिहा, तरी नाही. विषम घरांत ० आणि सम घरांत १ लिहा, तो पकडला जाईल. आता हेच आकडे सोळाव्या घरापासून उलट क्रमाने लिहा. दोष पुन्हा निसटेल. तो का निसटला, हे शोधून काढा. मेमटेस्ट इतके नमुने पुन्हा पुन्हा का लिहितो, याचे उत्तर त्यातच आहे.