पाणथळ भूमी : पडीक नव्हे, कार्यरत

१९८० साली इंटेकॉल या आंतरराष्ट्रीय परिसंस्थाशास्त्र संघटनेची पाणथळ भूमींविषयीची पहिली परिषद नवी दिल्ली येथे भरली. दलदल म्हणजे पडीक, रोगट जमीन, हा समज तेव्हा दृढ होता. आजही तो पुरता गेलेला नाही. अशा परिषदांतील अभ्यासाने पाणवनस्पतींचे कार्य उलगडत गेले.

चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून पाणकणीस, कमळ यांसारख्या वनस्पतींच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून मुळांपर्यंत उतरलेल्या हवेचा काही अंश भोवतालच्या चिखलात झिरपतो. तेथील सूक्ष्मजीव सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट करतात. लगतच्या प्राणवायूहीन थरातील दुसरे सूक्ष्मजीव त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. या शुद्धीकरणाला अर्थातच मर्यादा आहे. मैला आणि खतांचा भार वाढला, की जलपर्णी माजते व तिच्या आच्छादनाखाली पाणी गुदमरते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये घोषित झाले. मुळात तो गोदावरीवरील बंधाऱ्याचा जलाशय. गाळ साचला, वनस्पती रुजल्या, पक्षी आले. असे घडण्यास अनेक दशके लागतात. भराव मात्र काही दिवसांत पडतो. आपल्या गावच्या तळ्याचा काठ ‘मोकळी जागा’ म्हणून मागितला जाईल, तेव्हा ग्रामसभेत उभे राहून हे सांगणारा आपल्यापैकी कोणीतरी असावा.