बर्गंडीचे चढ आणि खेड्यांतील जुनी चर्चे

फ्रान्स देशात ‘कम्यून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ३५,००० स्थानिक पंचायती आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या गावांची वस्ती पाचशे माणसांच्या आत आहे. अशा बहुतेक प्रत्येक गावात दगडी मनोऱ्याचे एक चर्च उभे असते. पॅरिसचे नोत्र-दाम पाहून परत येणाऱ्या प्रवाशाला या हजारो लहान चर्चांची कल्पनाही येत नाही. आगगाडी त्यांच्यापासून दूरून जाते आणि मोटार त्यांच्यासमोर थांबत नाही. त्यांची खरी ओळख व्हावयाची तर सायकलच हवी. यास्तव आज आपण फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडी प्रांतातील डोंगराळ रस्त्यांवर मनानेच सायकल चालवू आणि ही चर्चे कोणी बांधली, कशी टिकली व पुढे कोण टिकविणार, याचा विचार करू.

आपली वाट सोन नदीच्या काठावरील तूर्न्यू या गावातून निघते. नॉर्स लोकांच्या स्वाऱ्यांमुळे पळत सुटलेले संन्यासी संत फिलिबर यांचे अवशेष बरोबर घेऊन अटलांटिक किनाऱ्यावरून निघाले, ते इ. स. ८७५ मध्ये येथे येऊन स्थिरावले. त्यांच्या मठाचे अकराव्या शतकातील चर्च आजही उभे आहे. त्याची रचना समजून घेतली की पुढच्या सगळ्या चर्चांची किल्ली हाती येते. लाकडी छपरास आगीची भीती असते, म्हणून त्या काळच्या गवंड्यांनी दगडी कमानीचे छत घालण्याचा ध्यास घेतला. परंतु अर्धगोल दगडी छत केवळ खाली भार टाकीत नाही, ते भिंतींना बाहेरही लोटते. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागत, खिडक्या लहान ठेवाव्या लागत आणि आत अंधार दाटे. तूर्न्यूच्या गवंड्यांनी लांबच लांब एकच कमान न घालता आडव्या कमानी एकीशेजारी एक अशा बसविल्या. शेजारच्या दोन कमानींचा जोर परस्परांत जिरला आणि बाजूच्या भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. प्रकाश हवा की मजबुती, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

तूर्न्यूहून पश्चिमेस वळले की चढ लागतो. येथील डोंगर आल्प्ससारखे प्रचंड नाहीत. ब्रांसियोंची खिंड समुद्रसपाटीपासून चारशे मीटरदेखील उंच नाही. तरीही सायकलस्वाराचे पाय भरून येतात, त्याचे कारण थोडे समजून घेण्याजोगे आहे. सपाट रस्त्यावर आपली बहुतेक शक्ती वाऱ्याला बाजूला सारण्यात खर्च होते, चढावर मात्र ती स्वतःचे वजन उचलण्यात जाते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन असेल, तर २०० मीटरांची चढण म्हणजे ८० किलोंचे ओझे २०० मीटर उंच उचलणे होय. उतारावर ही मेहनत पुरतेपणी परत मिळत नाही. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि उतारावरचा बराचसा लाभ वारा व ब्रेक हे दोघे खाऊन टाकतात. म्हणून एका मोठ्या घाटापेक्षा वीस लहान चढ-उतार अधिक थकवितात असा अनुभव येतो.

या अडचणीवर उपाय काढणाऱ्यांत सँत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही यांचे नाव आदराने घेतले जाते. १८५३ ते १९३० हा त्यांचा जीवनकाल. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत आणि १८८७ पासून त्यांनी सायकलविषयक नियतकालिक चालविले. चढासाठी एक व सपाटीसाठी दुसरा असे गियर एकाच सायकलला हवेत, हे त्यांचे सांगणे कित्येकांना दुबळेपणाचे वाटे. ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत गियर बदलण्याच्या आधुनिक यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती! आजच्या सायकलीवर पुढचे चक्र ३४ दात्यांचे व मागचेही ३४ दात्यांचे लावले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते आणि सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. पुढे ५० आणि मागे १२ दाते घेतले, तर तीच एक फेरी साडेआठ मीटरांहून अधिक अंतर काटते. वर चढण्यासाठी लागणारे एकूण काम गियरने कमी होत नाही, ते केवळ लहान लहान घासांत वाटले जाते. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे आणि मिरविण्यासाठी कधी पायडल मारू नये, असा व्हेलोसियो यांचा उपदेश असे. तो केवळ सायकलपुरता आहे असे मला वाटत नाही.

ब्रांसियोंच्या माथ्यावर जुना किल्ला, मोजकी घरे आणि बाराव्या शतकातील संत पेत्राचे चर्च आहे. त्याच्या छपरावर कौले नसून त्याच परिसरातील चुनखडीच्या दगडाच्या पातळ फरश्या आहेत. आत चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे फिकट झालेली दिसतात. डोंगराचा दगड डोंगरावरच रचल्यामुळे इमारत उभी केली आहे की उगवली आहे, असा संभ्रम पडतो. तेथून उतार संपवून काही किलोमीटर गेले की शापेझ लागते. वस्ती अगदी थोडी, परंतु अकराव्या शतकातील घंटामनोरा सुमारे ३५ मीटर उंच! आतील जाडजूड खांब कललेले आहेत. वरच्या छताच्या रेट्याने ते कलले आणि मूळचे अर्धगोल छत काढून पुढे टोकदार कमानीचे छत घालावे लागले. छत भिंतीस बाहेर लोटते असे मघाशी मी म्हटले, त्याचा पुरावा येथे डोळ्यांना दिसतो.

एवढ्याशा प्रदेशात इतकी चर्चे कशी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर क्लूनी या गावात आहे. तेथे इ. स. ९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या मठाच्या शाखा पुढे युरोपभर पसरल्या. १०८८ मध्ये मठाधिपती ह्यूग यांनी जे चर्च बांधावयास घेतले, ते रोममधील सध्याचे संत पेत्राचे मंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. त्याची लांबी १८७ मीटर होती. मोठ्या बांधकामावर हात बसलेले पाथरवट खेड्याचे लहान चर्चही बांधीत. जवळच्या बेर्झे-ला-व्हिल येथे क्लूनीच्या मठाधिपतींचे एक छोटेसे प्रार्थनालय असून त्यातील बाराव्या शतकाच्या आरंभीची ख्रिस्ताची भव्य चित्रे पांढऱ्या चुन्याखाली झाकली गेली होती. ती १८८७ मध्ये उजेडात आली.

आणि क्लूनीच्या त्या महामंदिराचे काय झाले? १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राची केली. १७९८ मध्ये क्लूनीचा मठ विकला गेला आणि घेणाऱ्यांनी तो दगडाची खाण समजून फोडला. आज त्या चर्चचा जेमतेम दहावा भाग उरला आहे. दक्षिणेकडील एक बाहू आणि त्यावरील अष्टकोनी मनोरा पाहून सर्व इमारतीचा अंदाज करावा लागतो. महामंदिर पडले आणि शापेझ व ब्रांसियों यांसारखी खेड्यांची चर्चे राहिली. जे सर्वांत मोठे असते तेच टिकते असे नाही. ज्याचा कोणाला तरी नित्य उपयोग असतो, ते अधिक टिकते.

येथे फ्रान्समधील एक विलक्षण कायदा सांगितला पाहिजे. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने तेथे राज्यसंस्था व धर्मसंस्था पूर्ण वेगळ्या झाल्या. सरकार कोणत्याही पंथाला मान्यता देत नाही आणि धर्मगुरूंना पगारही देत नाही. परंतु त्यापूर्वी बांधलेली बहुतेक गावचर्चे कम्यूनच्या मालकीची राहिली. उपासनेसाठी ती मोफत वापरण्याचा हक्क कॅथलिक समाजाला आहे, पण छप्पर गळू लागले की प्रश्न पंचायतीसमोर येतो. नगराध्यक्ष श्रद्धावान असो वा नास्तिक असो, अंदाजपत्रकात चर्चच्या पन्हळीचा खर्च त्यालाच मांडावा लागतो. दोनशे वस्तीच्या गावाला मनोऱ्याची दुरुस्ती म्हणजे कित्येक वर्षांच्या उत्पन्नाचे ओझे होय.

२०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दामला आग लागली, तेव्हा सुमारे ८४ कोटी युरो देणग्या जमल्या आणि २०२४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण गावच्या चर्चला आग लागत नाही, ते हळूहळू भिजत जाते, आणि भिजणाऱ्या भिंतीची बातमी होत नाही. फ्रेंच सिनेटच्या २०२२ मधील एका अहवालात अडीच ते पाच हजार धार्मिक वास्तू २०३० पर्यंत सोडून दिल्या जाण्याचा, विकल्या जाण्याचा वा पाडल्या जाण्याचा धोका वर्तविला होता. त्यानंतर २०२३ मध्ये दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांतील धर्मवास्तूंसाठी राष्ट्रीय निधी उभारण्यास प्रारंभ झाला. धर्मगुरूंची संख्याही घटली आहे. एकेका धर्मगुरूकडे अनेक गावे असतात. या रविवारी मिस्सा कोणत्या गावात आहे, हे दारावरच्या कागदावर वाचावे लागते.

सायकलस्वाराचा आणि या चर्चांचा संबंध प्रथम अगदी साधा असतो. दूरच्या मनोऱ्यावरील कोंबडा दिसला की गाव जवळ आले हे कळते. बहुतेक जुन्या चर्चांची वेदी पूर्वेकडे असते, म्हणून ढगाळ दिवशीही दिशा सापडते. कबरस्तानात फुलझाडांना पाणी घालण्यासाठी बहुधा नळ असतो, आणि तो पिण्याचा असल्याची खात्री करून स्वार आपली बाटली भरून घेतो. तेथेच चर्चजवळ १९१४-१८ च्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड असतो. एकच आडनाव तीन-चार वेळा वाचले की त्या घरावर काय ओढवले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. दार बंद असेल तर किल्ली पंचायतीच्या कचेरीत किंवा शेजारच्या घरी मिळते. किल्ली मागणारा कोणी येतो, हेच त्या गावाला चर्च उघडे ठेवण्याचे एक निमित्त होते.

तापलेल्या पायांना विश्रांती हवी असणाऱ्यांसाठी जुन्या रेल्वेमार्गाचा रस्ता आहे. झिव्री ते क्लूनी हा रूळ काढलेला मार्ग १९९७ मध्ये सायकल व पादचाऱ्यांसाठी खुला झाला. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसत, म्हणून ती वाट आजही सौम्य आहे. क्लूनीच्या दक्षिणेस सुमारे १,६०० मीटर लांबीचा बोगदा लागतो. थंडीत त्यात वटवाघळे झोपतात, म्हणून तो हिवाळ्यात बंद ठेवतात आणि माणसाने डोंगर चढून जावे अशी अपेक्षा असते. याच मार्गाजवळ तेझे हे खेडे आहे. १९४० मध्ये ब्रदर रोजे तेथे आले आणि विविध ख्रिस्ती पंथांच्या बंधूंचा संघ उभा राहिला. बाराव्या शतकातील लहान चर्च त्यांच्या प्रार्थनेस अपुरे पडू लागले, म्हणून १९६२ मध्ये मोठे चर्च बांधावे लागले. ओस पडू लागलेले गाव पुन्हा कसे भरते, याचे हे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण बर्गंडीपासून दूर, नैऋत्येकडील लाबास्तीद-दार्मान्याक येथले आहे. तेथील एक मोडकळीस आलेले जुने प्रार्थनालय सायकलस्वारांच्या मातेला वाहावे, असे आबे जोझेफ मासी या धर्मगुरूंनी मनावर घेतले. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांची त्यास संमती मिळाली. आज त्याच्या भिंतींवर नामांकित शर्यतपटूंचे सदरे टांगलेले आहेत.

श्रोतेहो, आपल्याकडे देऊळ असो, मशीद असो वा इगर्ज असो, जुनी वास्तू जपण्याचा प्रश्न निघाला की प्रथम पैशाची भाषा सुरू होते. पैसा लागतोच. परंतु बर्गंडीच्या खेड्यांतून जाताना ध्यानी येते की पैशाच्या आधी माणसाची पायधूळ लागते. ज्या दारापुढे कोणी थांबत नाही, त्याचे छप्पर कोणाला आठवत नाही. चढावर दम लागून सायकलवरून उतरलेला, पाण्याचा घोट घेऊन क्षणभर आत डोकावणारा अनोळखी प्रवासी त्या वास्तूला आणखी थोडे आयुष्य देऊन जातो.