मांडीतली जाळी

दोन वर्षांपूर्वी चार पावले चाललो की माझी पोटरी धरू लागली. मांडीतील रोहिणी चोंदली होती. तीत जाळीची नळी बसवायची ठरले, आणि मला धीर यावा म्हणून डॉक्टरांनी तशीच एक नळी माझ्या हाती दिली. चिमटीत दाबून मी ती पार चपटी केली. सोडताच टुणकन् पूर्ववत्!

"मांडी घालून बसलो तर मोडेल का हो?" मी विचारले. डॉक्टर हसले. मला काही हसू येईना. पाय माझा होता ना!

मग वाचीत सुटलो. ही नळी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. ताण दिला की तिच्या स्फटिकांतील अणूंची घनाकृती मांडणी कलंडते, ताण सुटला की पुन्हा नीट उभी राहते. पण हे कलंडणे दिशेवर अवलंबून! बांबू उभा चिरला तर सरसर फाटतो, आडवा तोडू गेले तर हाताला झिणझिण्या येतात, तसेच काहीसे. एकच स्फटिक घनाच्या कडेच्या दिशेने ओढला, तर या कलंडण्यामुळे तो हिशेबाने शेकडा २.७ एवढाच लांबतो. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने ओढला, तर शेकडा ९.८!

मोठ्या तुकड्यात असंख्य स्फटिक, तोंडे दाही दिशांना. म्हणून सरासरीत हा भेद बुजतो. नमुना इवलासा असला, की त्यात स्फटिक एकच. तेथे सरासरी कुणाची काढणार? सान हुआन, नो आणि शूह या संशोधकांनी २००९ साली केसाहून कितीतरी बारीक खांब दाबून दाखविले, तेही सावरून उभे राहिले. ते तांबे-ॲल्युमिनियम-निकेलचे होते, आणि त्यांचा अक्ष मुद्दाम घनाच्या कडेच्या दिशेने घेतला होता. निकेल-टायटॅनियममध्ये कंजूष असलेली तीच दिशा या धातूत मोठी उदार!

माझ्या नळीत स्फटिक पुष्कळ. पण नळी ओढून बारीक करताना त्यांतील बरेचसे त्या उदार कर्णाच्या दिशेनेच वळतात. जाळीच्या काड्या मात्र तिरप्या कापलेल्या असतात. म्हणून कोन बदलला की ताणही बदलतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मी तो कोन विचारला. या खेपेस ते हसले नाहीत. "कारखान्याला विचारावे लागेल," म्हणाले.

उत्तर अजून यायचे आहे. फराळाला मी पाटावर मांडी घालूनच बसतो. सौभाग्यवतींचे लक्ष मात्र चकल्यांपेक्षा माझ्या गुडघ्याकडेच अधिक असते.