गुडघा वाकेल, पण सरळ होईल का?

‘ऑपरेशननंतर मांडी घालून बसता येईल का?’ गुडघा बदलण्याचा सल्ला मिळालेले बहुतेक रुग्ण हा प्रश्न विचारतात. गुडघा पूर्ण सरळ होईल का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. रोजच्या चालण्यासाठी खरे तर हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

गुडघा सरळ असला की उभे राहताना मांडीच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. तो १५-२० अंशांत वाकलेलाच राहिला, तर हे स्नायू सतत ताणलेले राहतात. थोडे चालले तरी पाय भरून येतात, माणूस लंगडतो, कंबरही दुखू लागते.

गुडघा असा अडकतो कसा? सांध्यात सूज असली की तो थोडा वाकवून ठेवल्यावर बरे वाटते. म्हणून रुग्ण गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतो. महिनोन्‌महिने असे चालले की सांध्यामागचे आवरण आखडते. त्यातच झिजलेल्या हाडाच्या कडांना नवी हाडे फुटतात. मागच्या बाजूला फुटलेली हाडे, खांबावर तंबूचे कापड ताणले जावे तसे हे आवरण ताणून धरतात.

शस्त्रक्रियेत हा ताण टप्प्याटप्प्याने सोडवावा लागतो. कृत्रिम सांधा बसवण्यासाठी मांडीच्या हाडाच्या टोकाचा साधारण ९ मिलिमीटर जाडीचा भाग कापतात. मग वाढलेली हाडे, विशेषतः मागची, काढून टाकतात. अनेकदा एवढ्यानेच गुडघा बराच सरळ होतो. नाही झाला, तर आखडलेले आवरण मांडीच्या हाडापासून मागून सोडवले जाते. हे काम नाजूक असते, कारण पायाची मुख्य रक्तवाहिनी लगेच मागेच असते.

तरीही गुडघा अडत असेल, तर मांडीच्या हाडाच्या टोकाचे आणखी २ मिलिमीटर किंवा थोडे अधिक हाड कापतात. त्यामुळे पाय सरळ असतानाची जागा वाढते, वाकलेला असतानाची तेवढीच राहते. मग हा सोपा मार्ग आधीच का वापरत नाहीत? कारण हाड जास्त कापले तर सांध्याची पातळी वर सरकते, वाटीचे काम बिघडते आणि जिना उतरताना गुडघा डळमळू शकतो.

अडकणे फार जुने आणि जास्त असेल, तर एकदम सरळ केलेल्या पायाची नस ताणली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी थोडी कसर ठेवून ती व्यायामाने भरून काढावी लागते. म्हणूनच शस्त्रक्रिया लागणारच असेल, तर गुडघा पुरता आखडेपर्यंत थांबू नये.

ऑपरेशन टेबलावर मिळालेला सरळपणा घरी टिकवणे मात्र रुग्णाच्या हाती असते. गुडघ्याखाली उशी घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबण्याचा व्यायाम करावा. पहिल्या काही आठवड्यांत हा कंटाळा केला, तर मागचे आवरण पुन्हा आखडू शकते.

आज रात्री अंथरुणावर पाय लांब करून पाहा. गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकते का? टेकत नसेल आणि गुडघा दुखतही असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. मांडी घालण्याचा प्रश्न विचाराच, पण त्याआधी विचारा, ‘माझा गुडघा सरळ होईल ना?’