जन्मगाव एकच, नागरिकत्वाचे नियम चार

भारतात जन्मलेले प्रत्येक मूल भारताचे नागरिक असते, ही समजूत आजही घरोघरी आढळते. कायद्यात मात्र ती १ जुलै १९८७ पासून खरी राहिलेली नाही. जन्माने नागरिकत्व ठरवण्याच्या दोन रीती जगात चालतात. एका रीतीत मूल कोणत्या भूमीवर जन्मले हे पाहतात, दुसरीत ते कोणाच्या पोटी जन्मले हे पाहतात. स्वतंत्र भारताने पहिल्या रीतीने सुरुवात केली आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळला. माळव्यातल्या धार आणि देवास या जुन्या मराठी संस्थानांत हा बदल स्पष्ट पाहता येतो. तिथे एकाच घरातल्या चार पिढ्या एकाच गल्लीत जन्मल्या असल्या, तरी प्रत्येकीचा कायदेशीर दर्जा वेगळ्या नियमाने ठरतो.

संस्थानची रयत

धारचे आणि देवासचे पवार अठराव्या शतकात मराठा फौजांबरोबर माळव्यात स्थिरावले. १८१८-१९ च्या तहांनंतर ही संस्थाने इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली. देवासात तर एकाच शहरात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांची हद्द शहरातूनच जात असल्याने रस्त्याच्या एका बाजूला जन्मलेला माणूस एका राजाची रयत होई आणि समोरच्या बाजूला जन्मलेला दुसऱ्याची.

इंग्रजांच्या कायद्याने आणखी एक भेद केला होता. ब्रिटिश नागरिकत्वाच्या १९१४ च्या कायद्यात बादशहाच्या मुलखात जन्मलेला माणूस जन्माने ब्रिटिश प्रजाजन ठरे. पुणे, सातारा, नागपूर हा ब्रिटिश मुलूख होता, धार आणि देवास नव्हते. त्यामुळे संस्थानात जन्मलेल्या सर्वसाधारण माणसाला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ एवढाच दर्जा मिळे. परदेशात गेल्यास इंग्रज वकिलातीचे संरक्षण त्याला होते, पण तो ब्रिटिश प्रजाजन नव्हता. त्याच कायद्यात वंशाचाही धागा होता. पुण्यात जन्मलेला कारकून दरबारच्या नोकरीसाठी धारला आला आणि त्याला तिथे मूल झाले, तर ते मूल बापाकडून ब्रिटिश प्रजाजन ठरू शके. शेजारच्या घरात त्याच दिवशी जन्मलेल्या मुलाला तो दर्जा मिळत नसे. आईकडून हा हक्क येत नव्हता.

संविधानाने पुसलेली हद्द

१९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारत संघात विलीन झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारताचा प्रदेश मध्य प्रदेशात आला. मात्र नागरिकत्वाचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. धारपासून जवळच असलेल्या महूत जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे मांडली. बाकी बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले, पण ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली.

पाचव्या कलमाने तीन वाटा मोकळ्या केल्या. भारतात अधिवास असलेला माणूस स्वतः भारताच्या प्रदेशात जन्मला असेल, किंवा त्याच्या आईबापांपैकी एक जण तिथे जन्मला असेल, किंवा संविधान लागू होण्यापूर्वी तो सलग पाच वर्षे इथे राहत असेल, तर तो नागरिक झाला. संस्थानातला जन्म आणि ब्रिटिश मुलखातला जन्म हा भेद संपला. आई आणि बाप यांना समान लेखले गेले. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी सहावे कलम होते. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणीची अट. माळव्यात येऊन वसलेल्या अनेक सिंधी कुटुंबांचे नागरिकत्व या कलमावर उभे आहे.

देशाचे नागरिकत्व एकच, राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही, हेही तेव्हाच ठरले. राज्यातला रहिवास मात्र काही बाबतींत वेगळा मोजला जातो. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये जन्मस्थान आणि रहिवास या वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगून ते शुल्क वैध ठरवले.

तीन तारखा

नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये आला. त्याचे तिसरे कलम जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे आहे. त्यात आज तीन कालखंड आहेत, आणि आपल्या मुलाचा दर्जा ठरवताना प्रत्येक कुटुंबाला जन्मतारीख त्यांच्याशी ताडून पाहावी लागते.

पहिला कालखंड २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ असा आहे. या काळात भारतात जन्मलेले मूल आईबाप कोणत्याही देशाचे असले तरी भारतीय नागरिक आहे. परदेशी राजदूतांची मुले आणि शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात शत्रूच्या पोटी जन्मलेली मुले एवढेच अपवाद. हिमाचल प्रदेशात १९८६ मध्ये तिबेटी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या तरुणीला याच नियमाने दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारतीय नागरिक मानले.

दुसरा कालखंड १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४. या काळात भारतात जन्म झाला आणि आई किंवा बाप यांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की पुरे. आसाममधील स्थलांतराविरुद्धचे आंदोलन आणि १९८५ चा आसाम करार ही या बदलाची पार्श्वभूमी होती.

तिसरा कालखंड ३ डिसेंबर २००४ पासून आजपर्यंतचा. आता आई आणि बाप दोघेही भारतीय नागरिक हवेत. एकच जण नागरिक असेल, तर मुलाच्या जन्माच्या वेळी दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. पासपोर्टाशिवाय आलेला माणूस अवैध स्थलांतरित ठरतो, तसाच व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला माणूसही ठरतो. परदेशी जोडीदार असलेल्या कुटुंबाने हा मुद्दा विशेष जपायला हवा. लग्न कायदेशीर असले, एक पालक जन्मापासून धारमध्ये राहणारा भारतीय असला, तरी बाळ जन्मले त्या दिवशी दुसऱ्याच्या व्हिसाची मुदत उलटलेली असेल, तर बाळाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. त्यात बाळाचा काहीच दोष नसतो. खास परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकते. ती वाट याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, पण तो सरकारचा अधिकार आहे, मुलाचा हक्क नाही.

परदेशी आईबाप

धार जिल्ह्यातील पिथमपूर ही मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे परदेशी कंपन्यांचेही कारखाने आहेत. समजा, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी जोडप्याला तिथे मूल झाले. जन्माची नोंद होईल, दाखला मिळेल, पण मूल भारतीय होणार नाही. आईबापांनी आपल्या वकिलातीतून त्याचा पासपोर्ट काढायचा आणि भारतात राहण्यासाठी त्याच्या नावे व्हिसा घ्यायचा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलीस अधीक्षकांकडे असते.

मूल भारतीय असले तरी त्याच्या जोरावर परदेशी आईला किंवा बापाला नागरिकत्व मिळत नाही. कायद्यात ‘भारतीय मुलाचे पालक’ असा वेगळा वर्ग नाही. त्यांची वाट जोडीदारामार्फत जाते. भारतीय नागरिकाशी लग्न झाले असेल आणि अर्जापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य असेल, तर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्या कार्डावर दीर्घकाळ राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना हे कार्ड मिळत नाही. इतर परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी साधारण बारा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ही मुदत पाच वर्षांवर आणली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले.

परदेशातला जन्म

देवासची मुलगी किंवा मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि तिथे बाळ झाले, की प्रश्न उलटा होतो. अमेरिकेच्या संविधानातील १८६८ ची चौदावी दुरुस्ती भूमीची रीत पाळते. चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वोंग किम आर्क नागरिक आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये सांगितले. तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना या हक्कातून वगळणारा आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला आणि न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. तिथेही मुलाच्या नागरिकत्वाने आईबापांना राहण्याचा परवाना मिळत नाही. मूल २१ वर्षांचे झाल्यावरच ते त्यांच्यासाठी अर्ज करू शकते.

अशा बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्मापासून एका वर्षात भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदणी करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून अनेक कुटुंबे बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि भारतासाठी ओसीआय कार्ड घेतात.

कागद आणि मूल

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा मुख्य पुरावा आहे. नागरिकत्व मात्र त्याने आपोआप सिद्ध होत नाही, कारण आता आईबापांचा दर्जाही दाखवावा लागतो. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून मुलाच्या दाखल्याबरोबर आईबापांचे जन्मदाखले, पासपोर्ट आणि परदेशी पालकाच्या व्हिसाच्या प्रती जपून ठेवणे आवश्यक आहे.

या साऱ्या नियमांत सर्वांत असुरक्षित असते ते मूल, ज्याला आईबापांचा देश स्वीकारत नाही आणि जन्मभूमीही आपले म्हणत नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या कलमाने प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. राष्ट्रहीनतेविषयीचे १९५४ आणि १९६१ चे करार मात्र भारताने स्वीकारलेले नाहीत. भारतात जन्मलेले जे मूल अन्यथा कोणत्याच देशाचे राहणार नाही, त्याला नागरिकत्व देणारी स्पष्ट तरतूद नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमात झाली, तर स्थलांतराविषयीचे धोरण कठोर ठेवूनही त्या मुलावरचा अन्याय टाळता येईल.