मोटर का जळाली? व्होल्टेजचा साधा हिशेब



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या मिरची कांडप यंत्राची मोटर जळाली. आमचं गाव चाकणजवळ. कंपन्यांची पाळी सुटली की खोल्याखोल्यांतून शेगड्या, पंप सुरू होतात आणि व्होल्टेज उतरतं. नेमकं तेव्हाच आमचं कांडप जोरात. मोटर पुन्हा भरून घ्यायला बचतीतले पैसे गेले. सगळ्या विचारत होत्या, "व्होल्टेज कमी तर मोटर हळू चालेल, जळेल कशी?" मलाही सांगता येईना. मग मुलीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं.

वीज म्हणजे तारेतून वाहणारा प्रभार. तो कूलोममध्ये मोजतात. त्याच्याकडून होणारं काम ज्यूलमध्ये मोजतात. एक कूलोम प्रभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना जेवढं काम होतं, तेच त्या दोन टोकांमधलं विभवांतर. आपण त्याला व्होल्टेज म्हणतो. काम भागिले प्रभार, एवढंच सूत्र. बॅटरीचा सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे दर कूलोममागे दीड ज्यूल काम. घरची वीज २३० व्होल्टची, म्हणजे दर कूलोममागे २३० ज्यूल.

आता चाकणचा कांदा बाजार डोळ्यांपुढे आणा. हमाल म्हणजे कूलोम, पाठीवरचा माल म्हणजे ज्यूल. गोण्या लहान केल्या, पण ट्रक तेवढ्याच वेळात भरायचा, तर हमालांच्या खेपा वाढणार. वाटेवर गर्दी होणार.

मोटरचंही तसंच. एक हॉर्सपॉवर म्हणजे सेकंदाला ७४६ ज्यूल काम. मधली गळती सोडली, तर २३० व्होल्टला सेकंदाला सव्वातीन कूलोम पुरतात, म्हणजे सव्वातीन अँपिअर. व्होल्टेज १७० झालं की तेवढ्याच कामाला जवळजवळ साडेचार लागतात. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पावणेदोन पटीपुढे जाते. मोटर जळते ती अशी.

म्हणून यंत्राजवळ व्होल्टमीटर बसवून घ्या. काटा २०७ च्या खाली गेला की कांडप थांबवा. लांब, बारीक वायरच्या बोर्डावर मोटर लावू नका, तिथेही व्होल्टेज पडतं. मोटरला ओव्हरलोड स्टार्टर वायरमनकडूनच बसवा. व्होल्टेज रोजच पडत असेल, तर गटाच्या नावाने लेखी तक्रार द्या. सोबत वेळ आणि आकडा लिहा.

आम्ही आता कांडप सकाळी करतो. तुमच्या गिरणीचा आकडा आजच बघा.