एका फॉरवर्डचा नकार

फुटबॉलमधील फॉरवर्डची थोरवी त्याच्या गोलांवरून मोजण्याची रूढी आहे. या मापाने जॉर्ज ईस्टहॅम हा इंग्लिश खेळाडू पहिल्या पंक्तीत बसणार नाही. इंग्लंडतर्फे तो १९ सामने खेळला आणि त्यांत त्याने गोल केले दोनच. १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या २२ जणांच्या इंग्लिश चमूत तो होता, पण एकाही सामन्यात त्याला मैदानावर उतरण्याची संधी मिळाली नाही. असे असूनही २०२४च्या डिसेंबरात वयाच्या ८८व्या वर्षी तो निवर्तला, तेव्हा त्याची आठवण निघाली ती त्याच्या एका नकारासाठी. आपल्या मालकाला त्याने ‘नाही’ म्हटले होते आणि तो वाद न्यायालयापर्यंत नेला होता.

त्या नकाराचे मोल समजण्यासाठी त्या काळातील इंग्लिश फुटबॉलची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे एक विलक्षण नियम रूढ होता. हंगाम संपला, की प्रत्येक क्लब आपल्याकडे राखून ठेवायच्या खेळाडूंची यादी करी. या यादीत ज्याचे नाव असे, त्याची कराराची मुदत संपली तरी त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाता येत नसे. आणि नव्या करारावर सही करीपर्यंत वेतनही मिळत नसे. एखाद्या कारकुनाच्या नेमणुकीची मुदत संपावी, कचेरीने त्याचा पगार थांबवावा, आणि वर दुसरी नोकरी धरण्यासही मज्जाव करावा, त्यातलाच हा प्रकार. शिवाय वेतनाला कमाल मर्यादा होती. १९६० साली ती हंगामात आठवड्याला २० पौंड होती. खेळाडू कितीही गुणी असो, त्याहून अधिक देणे नियमबाह्य ठरे.

ईस्टहॅम १९५६ पासून न्यूकॅसल युनायटेडकडे होता. राहते घर, खेळाव्यतिरिक्तचे काम अशा प्रश्नांवरून त्याचे क्लबाशी बिनसले. १९६०च्या जूनअखेरीस करार संपताच त्याने नव्या करारावर सही करण्यास नकार दिला. क्लबानेही त्याला सोडण्यास नकार दिला. तेव्हा चोविशीच्या उंबरठ्यावरचा हा खेळाडू फुटबॉल बाजूला ठेवून दक्षिण इंग्लंडमधील गिल्डफर्डला गेला आणि चक्क बुचे विकण्याची नोकरी करू लागला. अखेर त्याच वर्षी न्यूकॅसलने नमते घेतले व ४७,५०० पौंड घेऊन त्याला आर्सेनलकडे धाडले.

या आकड्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आठवड्याला २० पौंड या कमाल दराने ही रक्कम २,३७५ आठवड्यांचे, म्हणजे ४५ वर्षांहून अधिक काळाचे वेतन होते. ती गेली क्लबाच्या तिजोरीत. ज्या श्रमाची बाजारात एवढी किंमत होती, तो श्रम करणाऱ्याला मात्र बाजारात उभे राहण्याचीच मुभा नव्हती. श्रमाचा खरेदीदार एकच उरला, की वेतन श्रमिकाच्या योग्यतेवर ठरत नाही, त्याच्या अगतिकतेवर ठरते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील या सिद्धांताला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वस्तुतः ईस्टहॅमला हवे ते मिळाले होते. १९६१च्या जानेवारीत, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर, कमाल वेतनाची मर्यादाही रद्द झाली. पण ‘राखून ठेवण्याचा’ नियम कायम होता. म्हणून संघटनेच्या पाठबळावर त्याने खटला पुढे चालवला. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत यासाठी हे बंधन आवश्यक आहे, असा प्रतिपक्षाचा मुख्य युक्तिवाद होता. १९६३च्या जुलैत न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी तो अमान्य केला आणि ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. मात्र खेळण्यास नकार दिलेल्या काळाचे वेतन ईस्टहॅमला मिळाले नाही. त्या नकाराची किंमत त्याला स्वतःलाच मोजावी लागली.

या निर्णयाने खेळाडू एका दिवसात स्वतंत्र झाले असे नव्हे. नियम सैलावले, पण करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागण्याची प्रथा टिकून राहिली. बेल्जियमच्या बॉसमनने लढवलेल्या खटल्यात १९९५ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिल्यावर युरोपीय संघातील देशांपुरता त्या प्रथेला पायबंद बसला.

आज खेळाडूंना मिळणारे कोट्यवधींचे वेतन पाहून ‘जुनेच बरे होते’ असे म्हणणारे आहेत. पैसा मूठभर क्लबांकडे एकवटला, ही त्यांची तक्रार निराधार नाही. परंतु जुन्या बंधनांच्या काळात तरी समता कोठे होती? १९३१ ते १९३८ या आठ वर्षांत आर्सेनलने पाच वेळा लीगचे विजेतेपद पटकावले, तेव्हा हाच नियम लागू होता. लहान क्लब जगलेच पाहिजेत. पण त्यांना जगवण्याचा भार उत्पन्नाच्या न्याय्य वाटपाने सर्वांनी उचलावा. तो एकट्या नोकरदाराच्या स्वातंत्र्यावर टाकणे ही समता नव्हे, ती वेठ होय.

ईस्टहॅमच्या वाट्याला खेळातले यशही आले, पण उशिरा. १९७२ साली लीग चषकाच्या अंतिम सामन्यात ३५ वर्षांच्या या फॉरवर्डने चेल्सीविरुद्ध स्टोक सिटीचा विजयी गोल केला. विश्वचषकाचे पदक तर त्याच्या हाती २००९ साली, तब्बल ४३ वर्षांनी पडले. करार संपल्यावर हवा तो क्लब निवडणाऱ्या आजच्या तरुण खेळाडूला त्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण त्या निवडीमागे बुचे विकत काढलेले कोणाचे तरी काही महिने आहेत, याची नोंद राहिली पाहिजे.